श्रमदान आणि पाण्याचा वांटा

दान या शब्दाविषयीं आपल्या मनांत इतका जुना आदर आहे कीं, एखाद्या कृत्याला तें नांव मिळालें म्हणजे त्याविषयीं पुढें विचारपूस करणें आपणांस अप्रशस्त वाटूं लागतें. अन्नदान, विद्यादान, कन्यादान, भूदान अशी ही मालिका लांबत लांबत गेल्या शतकांत श्रमदानापर्यंत येऊन पोंचली. कन्यादानाविषयीं शंका घेण्याइतकें धैर्य आतां समाजाला आलें आहे. भूदानांत मिळालेली जमीन कसावयास योग्य होती कीं खडकाळ होती, हाही प्रश्न विचारून झाला आहे. श्रमदान मात्र अजून या चौकशींतून सुटलें आहे. ज्यांत कोणाचें कांहीं हिरावलें जात नाहीं, उलट प्रत्येक जण आपला घाम स्वखुषीनें देतो, त्यांत शंका घ्यावयाची ती कोणती, असें सामान्यतः समजलें जातें. प्रस्तुत लेखांत ती शंका घेण्याचें धाडस करावयाचें आहे. आणि तें श्रमदानाच्या निंदेसाठीं नव्हे, तर त्याचें दानपण टिकावें म्हणून.

या शंकेला निमित्त झालें तें वऱ्हाडांतील वरूड तालुक्याचें. अमरावती जिल्ह्याच्या ईशान्येस, सातपुड्याच्या पायथ्याशीं पसरलेला हा मुलूख संत्र्यांसाठीं प्रसिद्ध आहे; 'विदर्भाचें कॅलिफोर्निया' असें त्याचें कौतुकाचें नांव आहे. संत्र्याचें झाड पाण्याविषयीं मोठें हळवें असतें. बहार धरण्यासाठीं बगीच्याचें पाणी कांहीं काळ मुद्दाम तोडून झाडांना 'ताण' द्यावा लागतो; परंतु आंबिया बहाराचें फळ झाडावर असतांना वैशाखांत पाणी तुटलें, तर प्रथम फळ गळतें आणि पुढें झाडच वाळतें. कापूसवाल्याचें पाणी हुकलें तर त्याचें एक वर्ष जातें. बागाईतदाराची दहा-पंधरा वर्षांची जोपासना जाते. म्हणून विहीर आटली तेव्हां त्यानें बोअर मारली, ती आटली तेव्हां तिच्याहून खोल दुसरी मारली. यांत त्याचा लोभ थोडा आणि भीति फार होती, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. परंतु भीतीनें उपसलेलें पाणीही भूगर्भाच्या हिशेबांत उपसलेलेंच ठरतें; आणि शासकीय मोजणींत वरूड व शेजारचा मोर्शी हे दोन्ही तालुके भूजलाच्या अतिउपशाचे म्हणून नोंदले गेले.

अशा या तालुक्याची २०१६ सालीं एका अभिनव स्पर्धेसाठीं निवड झाली. सिनेनट आमिर खान यांच्या पुढाकारानें स्थापन झालेल्या 'पाणी फाउंडेशन' या संस्थेनें 'सत्यमेव जयते वॉटर कप' सुरू केला, तेव्हां पहिल्या वर्षीं राज्यांतील तीनच तालुके घेतले होते: साताऱ्याकडील कोरेगांव, बीडकडील अंबाजोगाई आणि आपलें वरूड. तिन्ही मिळून ११६ गांवें स्पर्धेंत उतरलीं. भर उन्हाळ्यांत सुमारे दीड महिना त्या गांवांतील माणसें टिकाव, फावडीं आणि घमेलीं घेऊन टेंकड्यांच्या उतारावर राबलीं. कोठें समतल चर खणले गेले, कोठें दगडी बांध रचले गेले, कोठें नाल्यांतील गाळ उपसला गेला. पन्नास लाख रुपयांचें पहिलें पारितोषिक कोरेगांव तालुक्यांतील वेळू या गांवानें मिळविलें. पुढें स्पर्धेचे तालुके वाढत गेले, आणि २०१९ पर्यंत ती दर उन्हाळ्यांत भरली. एका पारावर न बसणारीं माणसें या निमित्तानें एका चरांत उतरलीं, हें लहान कार्य नव्हे; त्याला उणेपणा आणण्याचा अधिकार पंख्याखालीं बसून लिहिणाऱ्याला मुळींच नाहीं.

वऱ्हाडला ही गोष्ट अगदीं नवखीही नव्हती. याच जिल्ह्यांतील शेंडगांवीं १८७६ सालीं जन्मलेले गाडगेबाबा ज्या गांवीं जात तेथें प्रथम खराटा हातीं घेत आणि रात्रीं कीर्तन करीत. काम केल्यावांचून भाकर घ्यावयाची नाहीं हा त्यांचा बाणा होता. यावलीस १९०९ सालीं जन्मलेल्या तुकडोजीमहाराजांनीं १९३५ मध्यें मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला आणि गांवाच्या सामुदायिक उत्थानाचा विचार पुढें १९५५ मध्यें प्रसिद्ध झालेल्या 'ग्रामगीते'त मांडला. तेव्हां सर्वांच्या कामाला सर्वांनीं हात लावावा, हा संस्कार या मातींत पूर्वीपासून मुरलेला होता.

तथापि गाडगेबाबांचा खराटा आणि २०१६ चा टिकाव यांत एक भेद आहे, आणि सगळा प्रश्न त्या भेदांत आहे. चावडीपुढचें पटांगण झाडलें म्हणजे त्या स्वच्छतेचा उपभोग सर्वांना सारखाच मिळतो. पाटलाला ती अधिक मिळाली आणि मजुराला कमी, असें होऊंच शकत नाहीं. कारण स्वच्छता कोणाला पंप लावून आपल्या घरीं नेतां येत नाहीं. पाणी मात्र नेतां येतें. टेंकडीवर अडविलेलें पाणी जमिनींत मुरतें तें सर्वांचें म्हणून मुरतें. वर येतें तें मात्र ज्याची विहीर, ज्याची बोअर, ज्याचा पंप, त्याचें होऊन येतें. मुरतांना गांवाचें आणि वर येतांना एकाचें, असा हा पाण्याचा मधल्यामध्यें होणारा धर्मपालट आहे. आणि तो जमिनीच्या पोटांत होत असल्यामुळें कोणाच्या डोळ्यांना दिसत नाहीं.

एक उदाहरण कल्पावें. गांवांत एक भूमिहीन बाई आहे. तिला स्वतःचें वावर नाहीं. हंगामांत ती निंदणाला आणि वेचणीला जाते. गांवानें श्रमदानाची हांक दिली तेव्हां तीही पहांटे टेंकडीवर गेली. त्याच चरावर एक बागाईतदारही आला. त्याचा पांच एकरांचा बगीचा टेंकडीच्या पायथ्याशीं आहे. दोघांनीं सारखा वेळ काम केलें, सारखा घाम गाळला. दोघांचीं छायाचित्रें एकत्र निघालीं. आतां गणित करूं. ६० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर खोल असा चर एक मीटर लांब खणला तर तो एकदां भरल्यावर त्यांत १८० लिटर पाणी राहतें. बाईनें सर्व दिवस मिळून असा दहा मीटर चर खणला आणि तो पावसाळ्यांत दहा वेळां भरला असें धरलें, तर तिच्या हातचें पाणी १८,००० लिटर झालें. त्यांतील सगळेंच मुरलें असेंही उदारपणें धरूं. सहा-सहा मीटरांवर लावलेल्या संत्र्याच्या एका एकरांत सुमारें ११० झाडें बसतात, आणि पूर्ण वाढलेलें झाड भर उन्हाळ्यांत दिवसाला शंभर लिटरांहून अधिक पाणी पितें. म्हणजे त्या बाईच्या साऱ्या श्रमानें एका एकराची जेमतेम दीड दिवसाची तहान भागली. ती तहान शेजारच्या बगीच्याची होती. तिच्या स्वतःच्या घरीं त्या पाण्यापैकीं काय पोंचलें?

यावर लगेच उत्तर येईल कीं, गांवाच्या विहिरीला पाणी वाढलें, तिची पायपीट वांचली. बगीचा जगला म्हणून तिला तोडणीची मजुरी मिळाली. टँकर बंद झाला. हें उत्तर खोटें नाहीं. पाण्यासाठीं दोन मैल जाणाऱ्या बाईच्या डोईवरील हंडा उतरला, तर त्याची किंमत लेखणीनें कमी करूं नये. परंतु या उत्तरांत एक गोष्ट गृहीत धरलेली असते. बागाईतदाराला जें मिळतें तें हक्कानें मिळतें, आणि बाईला जें मिळतें तें त्याच्या हक्कांतून ओघळलेलें असतें. शिवाय तें टिकेलच याची हमी नाहीं. पाणी थोडें वाढलें असें दिसतांच शेजारीं दुसरा मनुष्य नवी बोअर मारतो, नवें एकर बगीच्याखालीं आणतो. मग गांवाच्या पिण्याच्या विहिरीचें पाणी पुन्हां खालीं जातें, आणि हंडा पुन्हां डोईवर येतो. २०१९ च्या उन्हाळ्यांत वरूड-मोर्शी भागांत संत्र्याचे बगीचे पाण्यावांचून वाळले. पाऊस कमी झाला हें त्याचें कारण खरेंच. परंतु पावसाची तूट आभाळांतून येते आणि उपशाची तूट गांवांतून येते, आणि श्रमदानानें पहिल्या तुटीशीं झुंजणारें गांव दुसरीविषयीं बोलावयास कचरतें. चर खणण्यासाठीं शंभर हात पुढें येतात. 'तुझी बोअर बंद ठेव' असें सांगण्यासाठीं एकही जीभ वळत नाहीं. आयत्या बिळावर नागोबा ही म्हण आपण दुसऱ्या गांवाविषयीं सहज वापरतों, आपल्या गांवांत मात्र ती पचवून टाकतों.

येथें दुसरा, अधिक वरच्या पायरीवरचा आक्षेप संभवतो. तो असा कीं, दान देणाऱ्यानें फळाकडे पाहूंच नये. फलाशा सोडून कर्म करावें हें तर आपलें परंपरागत तत्त्वज्ञान; मग त्या बाईच्या श्रमाचा हिशेब मांडून आपण तिच्या दानाला व्यापाराचें रूप देत नाहीं काय?

या आक्षेपाचें उत्तर नीट दिलें पाहिजे, कारण सुशिक्षितांच्या मनांत तोच घर करून असतो. फलत्याग हा देणाऱ्याचा गुण आहे; घेणाऱ्याचा तो अधिकार नव्हे. त्या बाईनें आपण होऊन 'मला कांहीं नको' म्हटलें तर तें तिचें मोठेपण. परंतु पाणी उपसणाऱ्यानें, किंवा त्याच्या वतीनें तुम्हीं-आम्हीं, 'तिनें कांहीं मागूं नये' असें म्हटलें तर तो वेदान्त नव्हे; दुसऱ्याच्या वैराग्यावर चालविलेला तो संसार होय. ज्याला फळ मिळण्याचा संभव आहे त्यानें तें सोडणें हा त्याग; ज्याच्यापर्यंत तें कधीं येणारच नव्हतें त्याच्या तोंडीं त्यागाची भाषा घालणें ही क्रूरता आहे. वांट्याचा हक्क आधीं द्यावा. मग तो सोडावयाचा कीं ठेवावयाचा हें ज्याचें त्यानें ठरवावें.

महाभारताच्या आश्वमेधिक पर्वांत मुंगसाची एक कथा आहे. युधिष्ठिराचा थोर यज्ञ संपल्यावर अर्धें अंग सोन्याचें असलेलें एक मुंगूस तेथें येतें आणि म्हणतें कीं, हा यज्ञ कुरुक्षेत्रांतील उंछवृत्तीच्या ब्राह्मणानें दिलेल्या मूठभर सातूच्या पिठाच्या तोडीचा नाहीं. त्या कुटुंबानें उपाशीं राहून आपल्या तोंडचा घांस अतिथीला दिला. तेथें सांडलेल्या पिठांत लोळल्यानें मुंगसाचें अर्धें अंग सोन्याचें झालें, उरलेलें अर्धें युधिष्ठिराच्या यज्ञांतही होईना. दानाचें माप दिलेल्या वस्तूनें नव्हे, देणाऱ्यापाशीं मागें काय उरलें यानें करावें, हा त्या कथेचा आशय. या मापानें पाहिलें तर एका चरांत उतरलेल्या त्या दोघांचें दान सारखें कसें म्हणतां येईल? बागाईतदार दिवसभर राबला तर त्यानें आपल्याच बगीच्यांत भांडवल घातलें. तें योग्यच आहे, पण तें दान नव्हे. बाई राबली तेव्हां तिची त्या दिवसाची मजुरी बुडाली. श्रमदान या एकाच नांवाखालीं एकाची गुंतवणूक आणि दुसऱ्याचा उपवास, दोन्ही मोडतात. आणि गौरवाच्या सभेंत टाळ्या मात्र एकत्र वाजतात.

मजुरीचा उल्लेख आला म्हणून आणखी एक गोष्ट आठवावी. १९७२ च्या दुष्काळांत महाराष्ट्रानें रोजगार हमीची योजना मोठ्या प्रमाणावर राबविली. १९७७ मध्यें तिचा कायदा केला. पुढें २००५ मध्यें केंद्रानेंही देशभर तसा कायदा केला. वि. स. पागे यांच्या चिंतनांतून निघालेल्या या योजनेचें नैतिक बळ असें होतें कीं, माती खोदणाऱ्याला काम मागण्याचा आणि कामाचा मोबदला घेण्याचा हक्क आहे. म्हणजे जो चर श्रमदानांत दान ठरतो, तोच चर रोजगार हमींत हक्क ठरला होता. आणि त्याच्याही मागें गेलों तर वेठबिगारीच्या दिवसांत त्याच मजुराकडून असेंच खोदकाम पैशावांचून करून घेतलें जात होतें. वेठ, मजुरी आणि दान या तिन्हींत हात तोच, टिकाव तोच, मातीही तीच. भेद एवढाच कीं, वेठींत त्याला 'नाहीं' म्हणतां येत नसे, मजुरींत त्याला किंमत मागतां येते आणि दानांत तो दोन्ही आपण होऊन सोडतो. म्हणून ज्या गांवांत गरिबाला 'मी उद्यां चरावर येत नाहीं' असें निर्भयपणें म्हणतां येतें, त्याच गांवांतील श्रमदानाला दान म्हणावें. जेथें न येणाऱ्याचें नांव ध्वनिक्षेपकावरून घेतलें जातें, तेथें जुनी वेठ नवा सदरा घालून आली नाहीं ना, हें गांवानें आपल्या मनाशीं तपासून पाहावें.

मग कर्तव्य काय? श्रमदान सोडावें? मुळींच नाहीं. सोडावयाचा आहे तो अर्ध्यावर थांबण्याचा मोह. पाणी अडविणें हें श्रमाचें काम आहे, पाणी वांटणें हें न्यायाचें काम आहे. आणि पहिल्याइतका उत्साह दुसऱ्याला दाखविल्याखेरीज पहिलें सफल होत नाहीं. हें केवळ मनोराज्य नव्हे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुण्याचे अभियंते विलासराव साळुंखे यांनीं पुरंदर तालुक्यांतील नायगांवीं 'पाणी पंचायती'चा प्रयोग केला. पाण्याचा हक्क जमिनीला नसून माणसाला आहे, हें त्याचें मूलतत्त्व होतें. दर माणशीं अर्धा एकर, कुटुंबामागें फार तर अडीच एकर, एवढ्याच भूमीला पाणी. ऊंस लावावयाचा नाहीं. आणि भूमिहीनालाही वांटा. ज्याला जमीनच नाहीं त्यानें पाणी घेऊन काय करावें, असें हंसून विचारणारे तेव्हांही होते, आजही असतील. परंतु ज्याच्या हातीं पाण्याचा हक्क आहे तो जमीनवाल्याच्या दारीं केवळ मजूर म्हणून उभा राहत नाहीं. तो बटईचा करार बोलावयास बसतो. उभें राहणें आणि बसणें यांतील अंतर गांवांत राहिलेल्या मनुष्याला समजावून सांगावयास नको. तसेंच अहिल्यानगर जिल्ह्यांतील हिवरे बाजार या गांवानें श्रमदान केलें, आणि त्याबरोबरच शेतीसाठीं बोअर मारावयाची नाहीं असा निर्बंध स्वतःवर घातला. पडलेला पाऊस मोजून त्या वर्षींचीं पिकें ठरविण्याची रीत पाडली. त्या गांवाच्या चरांची ख्याति झाली. खरी ख्याति त्या निर्बंधाची व्हावयास हवी होती.

कायदा या बाबतींत आडवाही आला आहे आणि साह्यालाही आला आहे. इंग्रजी अमदानींतील १८८२ च्या ईझमेंट कायद्यानें ज्याची जमीन त्याचें तिच्याखालील पाणी हें तत्त्व ग्रथित केलें, आणि तें आपल्या इतकें अंगवळणीं पडलें कीं तो निसर्गाचाच नियम असावा असें वाटूं लागलें. उलट महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल अधिनियमानें, जो २०१४ पासून अमलांत आला, शेतीसाठीं साठ मीटरांहून खोल विहीर घेण्यास मनाई केली. परंतु रात्रीं बोअरचें यंत्र गांवांत शिरतें तेव्हां अधिनियम जागा नसतो; शेजारी जागा असतो. शेजाऱ्यानें बोलावयाचें तर त्याला गांवाच्या ठरावाचा आधार पाहिजे, आणि तो ठराव श्रमदानाच्या आधीं व्हावा, कारण त्या वेळीं सर्वांना सर्वांची गरज असते. पहिला टिकाव पडण्यापूर्वीं ग्रामसभेनें एवढें ठरवावें: पिण्याचें पाणी प्रथम, नवी बोअर नाहीं, जुन्या बोअरवाल्यांचे बगीचे जगतील, परंतु वाढणार नाहींत, ज्याला वावर नाहीं त्याला श्रमाच्या दिवसांची मजुरी, किंवा पाण्यांत वांटा, किंवा दोन्ही. बागाईतदाराला हें जाचक वाटेल. पण थोडा विचार केला तर त्याच्याही ध्यानांत येईल कीं, आपणास ज्या भीतीनें अधिकाधिक खोल नेलें, ती भीति शेजाऱ्याचा हात बांधल्यावांचून जात नाहीं, आणि शेजाऱ्याचा हात बांधावयाचा तर आधीं आपला पुढें केला पाहिजे.

शेवटीं आपणां शहरवासी वाचकांविषयीं दोन शब्द. २०१८ च्या महाराष्ट्रदिनीं महाश्रमदानासाठीं शहरांतून पुष्कळ लोक खेड्यांत गेले. हाताला फोड आला, ऊन लागलें, भाकरी गोड लागली. संध्याकाळीं मन हलकें होऊन सर्व परत आले. यांत थट्टेचें कांहीं नाहीं. एका दिवसाचा फोडही पुष्कळ शिकवितो. परंतु मन हलकें होणें हें दानाचें फळ असलें तरी दानाचा हेतु नव्हे. आपण ज्या चरांत उतरलों त्याचें पाणी कोणाच्या पंपांतून वर आलें, हें विचारण्यासाठीं वर्षानें एकदां परत जाण्याची आपली तयारी आहे काय? आपल्या टोपलींतील वरूडच्या संत्र्यांत कोणाच्या अंगाचा घाम आणि कोणाच्या हक्काचें पाणी उतरलें आहे, हें जाणून घेण्याची इच्छा आहे काय? गांवाच्या ग्रामसभेंत आपणांस मत नाहीं, आणि असूंही नये. परंतु सत्कार कोणाचा करावा, देणगी कोणत्या कामाला द्यावी, हें तर आपल्या हातीं आहे. आजवर आपण चरांची लांबी विचारीत आलों. यापुढें वांट्याची रीत विचारूं लागलों, तरी गांवांतील त्या न वळणाऱ्या जिभेला थोडें बळ येईल.

गाडगेबाबा काम केल्यावांचून भाकर घेत नसत. या वचनाची दुसरी बाजू त्यांच्या मुलुखानें ओळखावी, एवढीच या लेखाची विनंती आहे: जिनें काम केलें तिची भाकर दुसऱ्याच्या ताटांत पडूं नये. त्या कल्पिलेल्या बाईच्या दारापर्यंत तिच्या चराचें पाणी हक्कानें पोंचेल, त्या दिवशीं तिनें तें घेतलें नाहीं तरी चालेल. मग मात्र तिच्या श्रमाला दान म्हणतांना कोणाची मान खालीं जावयाची नाहीं.